दुरुस्ती आवरती घेणारी साखर

एचबीएवनसी हा आकडा आता घरोघरी तोंडपाठ असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली हे तो सांगतो. तो निघतो एका साध्या रासायनिक घटनेतून: रक्तातली साखर हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते, जास्त असेल तर जास्त चिकटते. कुणी ती लावत नाही, कुणी काढत नाही. तांबडी पेशी जगते त्या सुमारे १२० दिवसांत ती तिथेच राहते. साखर प्रथिनाला चिकटली म्हणजे काहीतरी बिघडले, ही समजूत आपल्याकडे बहुधा याच अहवालांमुळे रुजली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. पेशीच्या केंद्रकात साखर प्रथिनांवर मुद्दाम लावली जाते आणि काम झाले की काढूनही घेतली जाते. डीएनए तुटल्यावर तो सांधणाऱ्या यंत्रणेत या साखरेचा हात असतो, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिसू लागले आहे.

तो हात मदतीचा की आडकाठीचा, यावर मात्र प्रयोगशाळांचे एकमत नाही. एका गटाचे निबंध वाचले तर साखर दुरुस्तीची सोबतीण वाटते, दुसऱ्याचे वाचले तर वैरीण. मला हा वाद चुकीच्या जागी अडकलेला दिसतो. हाती असलेल्या पुराव्यांपैकी सर्वांत भक्कम पुरावे वेगळेच काही सांगतात: दुरुस्तीचा पसारा कुठवर जाऊ द्यायचा आणि काम कधी आवरायचे, हे ही साखर ठरवते.

आधी घावांबद्दल थोडे. ऊन, क्ष-किरण, तंबाखूचा धूर ही बाहेरची कारणे सर्वांना माहीत आहेत. पण डीएनएची बरीचशी झीज पेशीच्या आतल्या पाण्यामुळे आणि प्राणवायूमुळेच होते. एका पेशीत दिवसाला दहा हजारांच्या घरात घाव पडतात, काही अंदाज त्याहून बरेच वर जातात. हे घाव भरणाऱ्या यंत्रणांचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सँजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बहुतेक घाव एकाच धाग्यावर पडतात. समोरचा धागा शाबूत असल्याने तो बघून ते भरता येतात. खरी भीती दुहेरी छेदाची. त्यात दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटतात आणि गुणसूत्राचे दोन तुकडे सुटे होतात. किरणोपचारात १ ग्रे मात्रा दिली की पेशीमागे असे साधारण २० ते ४० छेद होतात. मोकळी टोके थेट जोडून टाकणे हा झटपट मार्ग. विभाजनाआधी तयार झालेली दुसरी प्रत समोर ठेवून तुटलेला भाग नव्याने लिहून काढणे हा सावकाशीचा, पण बिनचूक मार्ग.

आता साखरेकडे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाठ्यपुस्तकांचा नियम पक्का होता: साखरेच्या साखळ्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतात, किंवा पेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रथिनांवर असतात. केंद्रकात साखर लावलेली प्रथिने नसतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जेराल्ड हार्ट आणि कार्मेन-रोझा टॉरेस यांनी हा नियम मोडायचा म्हणून काही केले नव्हते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर एन-अॅसिटिल ग्लुकोसामाइन ही साखर टोकाशी कुठे कुठे आहे, एवढेच त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी गाईच्या दुधातून मिळणारे एक विकर वापरले. हे विकर त्या साखरेच्या टोकाला गॅलॅक्टोज जोडते. गॅलॅक्टोज किरणोत्सारी घेतले की ते कुठे जाऊन बसले हे मोजता येते. अखंड पेशींवर थोडीफार खूण उमटली. डिटर्जंटने पेशी फोडल्यावर मात्र खूण कितीतरी पटींनी वाढली. म्हणजे साखर होती ती आत. शिवाय ती साखळी नव्हतीच. सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर एकुलता एक कण, पुढे काही नाही. हा निबंध १९८४ साली छापून आला. त्या एका कणाला आज ओ-ग्लकनॅक म्हणतात. याच कणांची लांब साखळी केली की कायटिन होते, म्हणजे खेकड्याच्या कवचातला द्रव्यभाग.

इतकी मोठी गोष्ट तोवर नजरेतून कशी सुटली, हे समजून घेण्यासारखे आहे. फॉस्फेट लावला की प्रथिनावर विद्युतभार येतो आणि तो पकडण्याचे अनेक मार्ग आहेत. ही साखर विद्युतदृष्ट्या उदासीन असते. वस्तुमान वर्णपटमापीत प्रथिन आपटून फोडायचे म्हटले की सर्वांत आधी साखरच गळून पडते आणि ती कुठे बसली होती याचा माग राहत नाही. फोडण्याच्या सौम्य पद्धती आल्यावर चित्र पालटले, आणि आज माणसाच्या ५००० हून अधिक प्रथिनांवर ही खूण सापडल्याची नोंद आहे. आश्चर्य असे की ती लावणारे विकर एकच, ओजीटी, आणि काढणारेही एकच, ओजीए. फॉस्फेट लावणारी विकरे माणसात पाचशेहून जास्त आहेत, त्यापुढे हा संसार फारच आटोपशीर. ओजीटीचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. उंदरात ते काढून टाकले तर गर्भच जगत नाही. पुढे येणाऱ्या सगळ्या अडचणींचे मूळ या एकटेपणात आहे.

दुहेरी छेद झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय होते ते बारकाईने पाहू. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एच२एएक्स नावाच्या प्रकाराच्या १३९ व्या जागेवरच्या सेरीनवर एटीएम हे विकर फॉस्फेट बसवते. या जागी फॉस्फेट बसतो हे विल्यम बॉनर यांच्या गटाने १९९८ साली दाखवले. ही खूण छेदाच्या दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांपर्यंत पसरते. एमडीसी१ हे प्रथिन या खुणेला धरते, त्याच्या आधाराने आणखी एटीएम येते, पुढच्या हिस्टोनवर फॉस्फेट बसतो, आणि असे चक्र फिरत राहते. चमकणारी प्रतिपिंडे वापरून सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर अंधाऱ्या केंद्रकात हिरवे किंवा लाल ठिपके दिसतात. ढोबळमानाने एक ठिपका म्हणजे एक छेद. दुरुस्ती झाली की ठिपके विझत जातात. किरणोत्साराचा अभ्यास करणारे विद्यार्थी हे ठिपके मोजण्यात दिवसचे दिवस घालवतात.

इथे एक प्रश्न पडायला हवा: हे चक्र थांबते कुठे? फॉस्फेटला फॉस्फेट ओढून आणत असेल तर साऱ्या गुणसूत्रावर बोंब उठायला हवी. शाओचुन यू यांच्या गटाने २०१६ मध्ये याचे एक उत्तर दिले. डीएनए तुटलेल्या जागी ओजीटी स्वतः हजर होते आणि एच२एएक्स व एमडीसी१ या दोघांवरही साखर लावते. ओजीटी काढून टाकले तर फॉस्फेटची खूण नेहमीची हद्द ओलांडून पुढे पसरते. उन्हाळ्याआधी वनखाते रानात जाळरेषा काढते, वणवा पेटला तरी त्या पट्ट्यापाशी अडावा म्हणून. साखरेचे काम तसले दिसते. तुटल्याची खबर देणे जितके गरजेचे तितकीच ती आवाक्यात ठेवणेही. खूण भलतीकडे पसरली तर न तुटलेल्या भागातली जनुके विनाकारण गप्प होतात आणि पेशीचे विभाजन नको तितके अडून राहते.

दुसरा पुरावा मला याहून देखणा वाटतो, कारण त्यात एका प्रथिनाच्या एका जागेपर्यंत पोचता आले आहे. अतिनील किरणांमुळे डीएनएतली शेजारशेजारची दोन थायमिन एकमेकांना जखडतात. नक्कल करणारे नेहमीचे विकर अशा गाठीपाशी अडते. मग पॉलिमरेज ईटा नावाचे दुसरे विकर बोलावले जाते. ते गाठ ओलांडते, पण नीट डीएनएवर चालवले तर चुका फार करते. म्हणून गाठ ओलांडली की त्याने तत्काळ बाजूला व्हायचे असते. हे विकर जन्मतः नसलेल्या माणसांना झेरोडर्मा पिगमेंटोसमचा एक प्रकार होतो आणि उन्हाने त्वचेचे कर्करोग होतात. म्हणजे नसले तरी संकट, रेंगाळले तरी संकट. चीनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की या विकराच्या ४५७ व्या जागेवरच्या थ्रिओनीनवर साखर लागते, तिच्यामुळे त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चढते आणि मग ते डीएनएवरून उचलले जाते. ती एक जागा बदलून साखर लागूच दिली नाही, तर विकर तिथेच बसून राहते, उत्परिवर्तने वाढतात, पेशी अतिनील किरणांना आणि सिसप्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाला हळव्या होतात. साखर इथे ‘आता उठ’ एवढेच सांगते.

तिसरे उदाहरण पी५३ या कर्करोगाला आवर घालणाऱ्या प्रथिनाचे, थोडक्यात. कोरियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की त्याच्या १४९ व्या सेरीनवर साखर लागली की शेजारच्या १५५ व्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसणे कमी होते, आणि पी५३ मोडीत निघण्यापासून वाचते. साखर आणि फॉस्फेट यांची जागेवरून होणारी ही ओढाताण आता अनेक प्रथिनांत सापडली आहे. सेरीन आणि थ्रिओनीन ही जणू सामाईक मालमत्ताच, आणि तिच्यावर दावा सांगणारा तिसरा भाऊही आहे.

तो म्हणजे एडीपी-रायबोज. काटेकोरपणे तो न्यूक्लिओटाइडच्या वर्गात मोडतो, पण त्याच्या कण्यात रायबोज ही साखर आहे, त्यामुळे त्याला वगळून हा आढावा पुरा होणार नाही. स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शांबों आणि पॉल मांडेल यांनी १९६३ साली त्याचा माग लावला. एकेरी धागा तुटला की पार्प१ हे विकर काही सेकंदांत तिथे पोचते आणि एनएडी खर्चून स्वतःवर व आसपासच्या प्रथिनांवर या घटकांच्या लांबलचक, फाटे फुटणाऱ्या साखळ्या विणते. दुरुस्ती करणारी प्रथिने त्या साखळ्यांना येऊन लागतात. थोड्याच वेळात पीएआरजी हे विकर साखळ्या तोडून टाकते. दीर्घकाळ असे मानत होते की या साखळ्या मुख्यतः ग्लुटामेट आणि अॅस्पार्टेटवर बसतात. २०१६ च्या सुमारास कळले की डीएनए तुटल्यावर त्यांची मुख्य जागा सेरीन आहे आणि त्यासाठी एचपीएफ१ या सहायकाची गरज लागते. रुग्णालयापर्यंत पोचलेली गोष्ट हीच. बिनचूक दुरुस्तीला लागणारी बीआरसीए जनुके निकामी असलेल्या पेशी पार्प रोखल्यावर मरतात हे २००५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले, आणि २०१४ मध्ये ओलॅपॅरिबला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. औषध पार्पला केवळ बंद करत नाही; साखळ्या न विणल्या गेल्याने पार्प डीएनएवरून सुटतच नाही आणि नक्कल करणारी यंत्रणा येऊन त्यावर धडकते. साखळी वेळेवर झाली नाही म्हणून विकर अडकून पडले, हे पॉलिमरेज ईटाच्या कथेशी किती जवळचे आहे पाहा.

ओ-ग्लकनॅककडे परत येऊ, कारण त्याच्यात एक गुंता आहे जो फॉस्फेटमध्ये या प्रमाणात नाही. ओजीटीला लागणारा कच्चा माल यूडीपी-ग्लकनॅक. तो बनायला ग्लुकोज लागते, ग्लुटामिन लागते, अॅसिटिल कोएन्झाइम ए लागते, युरिडीन लागते. म्हणजे पिष्ट, प्रथिने, चरबी आणि न्यूक्लिओटाइड, पेशीच्या कोठारातल्या चारही खणांतून थोडे थोडे. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजपैकी साधारण २ ते ५ टक्के या वाटेला जाते असे धरतात, पेशीगणिक ते बदलते. कोठार भरले असले की साखरेच्या खुणा वाढतात. तेव्हा पेशी किती खाऊन-पिऊन आहे याची वार्ता याच एका कणातून दुरुस्तीच्या जागेपर्यंत पोचते.

आणि इथेच निष्कर्ष एकमेकांना भिडतात. शिकागो विद्यापीठातल्या स्टीफन क्रॉन यांच्या गटाने २०१९ मध्ये एमसीएफ७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरात वाढवलेल्या त्यांच्या गाठींवर काम प्रसिद्ध केले. ओजीए रोखून, किंवा उंदरांना नुसते ग्लकनॅक देऊन साखरेच्या खुणा वाढवल्या, तर गाठी किरणांना दाद देईनाशा झाल्या. ओजीटी रोखले तर दुहेरी छेद भरायला उशीर झाला आणि पेशी वाढ थांबवून वार्धक्यात गेल्या. साखर म्हणजे चांगली दुरुस्ती, आणि गाठीच्या बाबतीत तेच नको.

त्याच वर्षी तैवानमधून वेन-ह्वा ली यांच्या गटाचा निबंध आला. त्यांनी वेगवेगळ्या पेशींना भरपूर ग्लुकोज दिले. स्वादुपिंडाच्या पेशींत साखरेच्या खुणा वाढल्या, इतरांत तितक्या नाही, कारण स्वादुपिंडाच्या पेशींत ग्लुकोज नेहमीच्या वाटेने पुढे नेणारे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर मंद असते आणि साचलेला माल आडवाटेला लागतो. वाढलेली साखर बसली रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजवर, म्हणजे डीएनएच्या विटा पाडणाऱ्या विकरावर. विटा कमी पडल्या, डीएनएत बिघाड झाले आणि त्यांत केरास जनुकाची उत्परिवर्तनेही निघाली. स्वादुपिंडाच्या सर्वसामान्य कर्करोगात सुमारे ९० टक्के गाठींत हे जनुक बिघडलेले असते. इथे साखर म्हणजे घावच.

या दोघांपैकी एकाला खोटे पाडायची गरज नाही. शिकागोत साखर वाढली ती किरणांचा मारा होत असलेल्या, आधीच कर्करोगी झालेल्या पेशीत. तैवानमध्ये वाढली ती निरोगी पेशीत, दिवसेंदिवस, कुठलाही मारा नसताना, आणि बसली ती मुळात दुरुस्तीच्या यंत्रणेवर नव्हे तर तिला माल पुरवणाऱ्या विकरावर. खूण तीच, जागा वेगळी, वेळ वेगळी. ‘साखर वाढली की दुरुस्ती सुधारते का?’ हा प्रश्न मला म्हणूनच बिनकामाचा वाटतो. ओजीटी रोखणारे रसायन पेशीत टाकले की हजारो प्रथिनांवरची साखर एकदम उतरते. मग दुरुस्ती मंदावली, तर ती कशामुळे मंदावली हे कोण सांगणार? पॉलिमरेज ईटावर झाले तसे काम, एक प्रथिन, एक जागा, ती बदलून पाहणे, हे सावकाश आणि खर्चिक आहे, आणि या क्षेत्रात ते अजून कमी झाले आहे.

तैवानचा निबंध आपल्याकडच्या वर्तमानपत्री विज्ञानात ‘साखर खाल्ल्याने कर्करोग’ होऊन बसायला वेळ लागणार नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा घाबरायला गिऱ्हाईक भरपूर. जुन्या मधुमेहात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो हे खरे, पण उलटही घडते: उतारवयात अचानक उद्भवलेला मधुमेह कधी कधी दडलेल्या कर्करोगाचेच लक्षण असतो. बशीतल्या पेशींवर आठवडाभर ओतलेले ग्लुकोज आणि माणसाच्या पानातली पुरणपोळी यांच्यामध्ये इन्सुलिन, यकृत आणि वर्षानुवर्षांचा काळ आहे.

साखरेच्या वाटेवर बोट ठेवून दुरुस्ती अडवायचा प्रयत्न भारतात फार आधी झाला होता. दिल्लीच्या इन्मास या डीआरडीओच्या संस्थेत टू-डीजी, म्हणजे २-डीऑक्सी-डी-ग्लुकोज, किरणोपचारासोबत द्यायचे काम बरीच वर्षे चालले आणि मेंदूतल्या ग्लायोमाच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या. हिशेब असा की गाठीच्या पेशी ग्लुकोजवर जास्त अवलंबून. ती वाट अडवली की घाव भरायला लागणारी ऊर्जा त्यांना मिळणार नाही. मे २०२१ मध्ये कोविडसाठी तातडीची परवानगी मिळालेली, पाण्यात मिसळून घ्यायची पुडी म्हणजे हेच टू-डीजी. त्याचे दुसरे अंग फारसे बोलले गेले नाही. हा रेणू ग्लुकोजसारखा आहे तितकाच मॅनोजसारखाही आहे, त्यामुळे पेशी प्रथिनांवरच्या साखळ्या विणताना फसते आणि साखळ्या अर्धवट राहतात. औषधाच्या परिणामात ऊर्जेचा वाटा किती आणि साखळ्यांचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

राहिली ती आपसूक चिकटणारी साखर, एचबीएवनसीच्या जातीची. केंद्रकात तिची जास्त खोडकर बहीण वावरते: मिथाइलग्लायॉक्झल. ग्लुकोज मोडताना ते उपपदार्थ म्हणून सतत तयार होते आणि ग्लुकोजपेक्षा कितीतरी वेगाने प्रथिनांना चिकटते. सिंगापूरमध्ये काम करणारे, वेल्लोरला वैद्यक शिकलेले अशोक वेंकटरामन यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवले की त्यामुळे बीआरसीए२ हे प्रथिन पेशीत मोडून टाकले जाते. बीआरसीए२ हे बिनचूक दुरुस्तीच्या मार्गावरचे कळीचे प्रथिन. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मांडलेला नियम असा की अशा जनुकाच्या दोन्ही प्रती कायमच्या बिघडल्या तरच कर्करोगाची वाट मोकळी होते. इथे एक प्रत जन्मतः बिघडलेली असेल तर दुसरी शाबूत असूनही, मिथाइलग्लायॉक्झलचा लोट आला की तिचे प्रथिन तेवढ्यापुरते नाहीसे होते, त्या अवधीत उत्परिवर्तने नोंदली जातात, आणि लोट ओसरला की प्रथिन परत येते. मागाहून तपासले तर जनुक ठणठणीत. हा निष्कर्ष माणसांत कितपत लागू पडतो हे ठरायला वेळ लागेल, पण आनुवंशिक धोका आणि चयापचय यांचा सांधा इतक्या नेमकेपणाने दाखवणारे काम मी दुसरे वाचलेले नाही.

औषधांच्या बाजूने पाहिले तर ओजीटी रोखणारी रसायने प्रयोगशाळेपुरती आहेत. ज्याच्यावाचून गर्भच जगत नाही ते विकर साऱ्या शरीरात बंद करायला कोण धजेल? किरणांचा झोत जिथे पडतो तिथेच आणि तेवढाच वेळ ते बंद ठेवता आले तर गोष्ट वेगळी. उलट बाजूचे, ओजीए रोखणारे औषध मात्र माणसांपर्यंत पोचले आहे, तेही कर्करोगासाठी नव्हे. कॅनडात डेव्हिड व्होकाडलो यांच्या गटाने २००८ मध्ये थायामेट-जी बनवले. टाऊ प्रथिनावर साखर वाढली की त्यावरचा फॉस्फेट कमी होईल आणि अल्झायमरमधले गुंते थांबतील, ही आशा. त्याच तत्त्वावरचे लिली कंपनीचे सेपेरोग्नास्टॅट २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट गाठू शकले नाही. तरी या जातीच्या औषधांत रस संपलेला नाही. पण ओजीए फक्त टाऊवरची साखर काढत नाही. ते मेंदूपुरते बंद राहत नाही, आणि रुग्ण सत्तरीच्या घरातले असतात, ज्यांच्यात न दिसणाऱ्या एखाद्या गाठीची शक्यता तरुणांपेक्षा जास्त. शिकागोच्या उंदरांत हेच विकर रोखल्यावर गाठी किरणांतून तगल्या होत्या. अशा चाचणीतला एखादा रुग्ण उद्या किरणोपचाराच्या खोलीत गेला तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे चाचणीच्या आराखड्यात आधीच लिहिलेले असायला हवे. रक्ताचे नमुने तर घेतले जातातच. त्यांतल्या पांढऱ्या पेशींवर थोडा मारा करून एच२एएक्सचे ठिपके किती वेळात विझतात हे मोजायला वेगळा रुग्ण लागत नाही.